लॅपटॉपवरचे जाहिरातीचे स्टिकर: उचकटलेला कोपरा, राहिलेला गोंद आणि न जाणारा चौकोन

हे काम मी इतक्या वेळा केलंय की कुणाचाही लॅपटॉप समोर आला की नजर आधी मनगट टेकायच्या जागेकडे जाते. घरातले, ऑफिसातले, मित्रमंडळींचे, सगळ्यांची तक्रार एकच असते: "स्टिकर काढायला गेलो आणि हे असं झालं." स्टिकरने स्वतः क्वचितच काही बिघडवलेलं असतं. शेवटी करायचा उपाय सुरुवातीलाच केला म्हणून बिघडलेलं असतं. कुणी ब्लेड लावलेलं असतं, कुणी नेलपॉलिश रिमूव्हर ओतलेलं असतं, कुणी भांड्यांच्या घासणीने घासलेलं असतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. ज्याला काही लागत नाही ते आधी, ज्यात धोका आहे ते सगळ्यात शेवटी. निम्म्याहून जास्त लॅपटॉप पहिल्या तीन पायऱ्यांतच स्वच्छ होतात.

आधी बघा, तुमच्याकडे नेमकं काय झालंय

स्टिकर जागेवर आहे, पण एक कोपरा वर आलाय. बाही अडते, मनगटाला टोचतं आणि उघड्या पडलेल्या गोंदावर मळ बसून कडेने काळी रेघ उमटलीय. ही सगळ्यात सोपी अवस्था.

स्टिकर ओढला तेव्हा वरचा छापील पापुद्रा तेवढा निघाला आणि खाली पांढरा, लवदार कागद राहिला.

कागदही गेला, पण बोट टेकवलं की चिकटतं. दोन दिवसांत तिथे धूळ आणि कपड्याचे तंतू बसून राखाडी डाग होतो.

बोटाला काही लागत नाही, पण उजेड तिरका पडला की चौकोन दिसतो. आतला भाग खरबरीत मॅट, भोवतालचा गुळगुळीत.

काहीतरी चोळल्यावर जागा पांढुरकी झालीय, चकाकतेय किंवा ओल्या रबरासारखी चिपचिपीत लागतेय. हा गोंद नव्हे. इथे लॅपटॉपचा वरचा थरच दुखावलाय. जे चोळत होतात ते लगेच थांबवा.

आणि एक लक्षण अगदी वेगळं: स्टिकरखालची जागाच फुगल्यासारखी वाटते, टचपॅड एका बाजूने वर आलाय किंवा त्याचं बटण दाबलं जात नाही, झाकण पूर्वीसारखं मिटत नाही. लोक हे "स्टिकर उचलला जातोय" म्हणून माझ्याकडे आणतात. स्टिकरचा यात काही संबंध नाही, आतली बॅटरी फुगलेली असू शकते. असं असेल तर खालची एकही पायरी करू नका, थेट शेवटच्या भागाकडे जा.

पहिली तपासणी: हे स्टिकर काढायचंच आहे ना?

याला काहीच लागत नाही, फक्त लॅपटॉप उलटा करून बघायचं. वरच्या बाजूला, कीबोर्डच्या खाली डावी-उजवीकडे जे असतात ते जाहिरातीचे: प्रोसेसरचा लोगो, ग्राफिक्सचा लोगो, आवाजाच्या तंत्राचा, विजेच्या बचतीचा, आणि "इतकी रॅम, इतकी एसएसडी, असा स्क्रीन" सांगणारी लांब पट्टी. हे काढल्याने लॅपटॉपच्या कामात तसूभर फरक पडत नाही.

खालच्या बाजूचे मात्र जाहिरातीचे नसतात. सिरियल नंबर, मॉडेल नंबर, व्होल्टेज आणि मान्यतेच्या खुणा तिथे असतात. वॉरंटीत लॅपटॉप नेला की सगळ्यात आधी विचारतात तो हाच सिरियल नंबर. जुन्या लॅपटॉपवर, म्हणजे विंडोज ७ च्या काळापर्यंतच्या, विंडोजची २५ अक्षरांची की छापलेलं लेबलही खालीच असायचं. ते फाटलं की की गेली. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, नव्या लॅपटॉपमध्ये ही की साधारणपणे मदरबोर्डवरच साठवलेली असते, त्यामुळे तो धोका कमी झाला. तरी खालच्या कुठल्याही लेबलला हात लावू नका. एखाद्या स्क्रूवर छोटं गोल सील असेल तर त्यालाही नाही.

प्रोसेसरचे स्टिकर इतके का दिसतात, असं मला बरेच जण विचारतात. इंटेलने १९९१ मध्ये 'इंटेल इनसाइड' मोहीम सुरू केली तेव्हा जो संगणक बनवणारा आपल्या मालावर आणि जाहिरातीत तो लोगो लावेल, त्याच्या जाहिरातीच्या खर्चाचा काही भाग इंटेल उचलत असे. तेव्हापासून ती जागा विकाऊ झाली. तो स्टिकर म्हणजे लॅपटॉपचा भाग नाही, कुणाच्या तरी जाहिरातीचा करार आहे. तुम्ही पैसे देऊन घेतलेली वस्तू आहे, त्यामुळे तो काढताना मनात शंका ठेवायचं काहीच कारण नाही.

दुसरी तपासणी: खाली कुठला पृष्ठभाग आहे

ही पायरी सगळे वगळतात आणि पुढची सगळी नुकसानी इथूनच सुरू होते. हाताचा पंजा स्टिकरशेजारी टेकवा. गार लागलं आणि गार राहिलं तर धातू असण्याची शक्यता जास्त. लगेच कोमट झालं तर प्लॅस्टिक. मखमलीसारखं किंवा पीचच्या सालीसारखं मऊ लागलं तर प्लॅस्टिकवर मऊ रबरी लेप आहे. धातूसारखा रंग आहे पण कडेला टवका उडून खाली वेगळा रंग दिसतोय, तर वरून रंग मारलेला आहे.

अॅनोडाइज केलेलं, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने वरचा थर टणक केलेलं, अॅल्युमिनियम सगळ्यात सोशिक. साधं टणक प्लॅस्टिक त्याखालोखाल. रंगवलेला पृष्ठभाग बेभरवशाचा. रबरी लेप मात्र अतिशय नाजूक. तो तेलाने बिघडतो, अल्कोहोलने बिघडतो आणि जुना झाला की काहीही न लावता आपोआप चिकट होतो. माझ्या हातून झालेलं एकमेव कायमचं नुकसान याच लेपाचं. एका नातेवाइकाच्या लॅपटॉपवर स्टिकरचा गोंद राहिला होता, मी कापसावर अल्कोहोल घेऊन नेहमीसारखं पुसलं, आणि कापूस काळा झाला. गोंद काळा नसतो. दुसऱ्या वेळी पुसेपर्यंत नाण्याएवढा लेप निघून खालचं चकचकीत प्लॅस्टिक वर आलं होतं. तेव्हापासून मी पृष्ठभाग तपासल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडत नाही.

तिसरी: नुसत्या हाताने

लॅपटॉप नवा असेल, स्टिकर लागून काही आठवडेच झाले असतील, तर बहुतेक वेळा हेच पुरतं. दाबून चिकटणाऱ्या गोंदाचा स्वभाव असा की तो सुरुवातीला पृष्ठभागाच्या उंचवट्यांवर टेकलेला असतो आणि हळूहळू वाहत बारीक खड्ड्यांत उतरतो. हाताची ऊब आणि रोजचा दाब त्याला मदत करतात. म्हणून तोच स्टिकर पहिल्या महिन्यात अख्खा सुटतो आणि दोन वर्षांनी तुकड्या-तुकड्याने निघतो.

कोपरा नखाने उचला. नख पुरत नसेल तर मुदत संपलेलं प्लॅस्टिकचं कार्ड किंवा गिटार वाजवायचा प्लेक्ट्रम घ्या. धातूचं काहीही नको: ब्लेड नाही, स्क्रू ड्रायव्हर नाही, नेलकटरची पातळ पट्टी नाही. कोपरा हातात आला की लोक तो सरळ वर, छताच्या दिशेने ओढतात. तसं करू नका. सुटलेला भाग स्वतःवरच उलटा दुमडा, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ठेवा आणि मागच्या दिशेने ओढत न्या. असं केलं की ताकद कमी लागते आणि खालचा रंग वर उपटला जायची भीती कमी होते. वेग ठेवायचा तो एवढाच की सुटणारी कड डोळ्यांना सरकताना दिसावी. झटका दिला की कागद मधूनच फाटतो, आणि मग दुसऱ्या क्रमांकाचं लक्षण घेऊन बसावं लागतं.

वर पारदर्शक, फुगीर, जाड थर असलेले लोगो असतात, त्यांचा कोपरा दुमडत नाही. त्यांच्यासाठी दातांत घालायचा फ्लॉस उत्तम. दोरा दोन्ही हातांत ताणून स्टिकरखाली सरकवायचा आणि करवतीसारखा पुढे-मागे करत गोंद कापत जायचं. दोरा पृष्ठभागाला घासतो, पण त्याने ओरखडा येत नाही.

चौथी: ऊब

नुसत्या हाताने कड सुटत नसेल किंवा सुटताना कागद फाटायला लागला, तर तिथेच थांबा आणि गोंद गरम करा. गरम म्हणजे कोमट. यातली सीमा समजून घेतली पाहिजे. थंड गोंद ताठ असतो, तो पृष्ठभाग सोडत नाही आणि कागद फाटतो. कोमट गोंद मऊ होतो आणि स्टिकरबरोबर उचलला जातो. फार तापलेला गोंद इतका पातळ होतो की अर्धा स्टिकरला आणि अर्धा लॅपटॉपला राहतो, मधे तारा लोंबतात. म्हणजे जास्त उष्णता दिली की काम सोपं होत नाही, वाढतं.

आधी फुकटचा उपाय. लॅपटॉप अर्धा तास जड कामाला लावा, एखादा मोठा व्हिडिओ चालू ठेवा किंवा अपडेट होऊ द्या. काही लॅपटॉपची हाताची जागा त्यानेच पुरेशी तापते. मग बंद करून, चार्जर काढून ओढून बघा.

त्याने भागलं नाही तर हेअर ड्रायर. लॅपटॉप पूर्ण बंद हवा, स्लीपमध्ये नव्हे. चार्जर काढलेला. ड्रायर कमी किंवा मध्यम उष्णतेवर, पृष्ठभागापासून १५ ते २० सेंटिमीटर वर, आणि एका जागी न थांबवता सतत फिरवत. २० ते ३० सेकंद पुष्कळ झाले. मग बोटाची मागची बाजू स्टिकरवर टेकवा. तिथे बोट आरामात ठेवता आलं पाहिजे. चटका बसला तर तुम्ही जास्त तापवलंय, गार होऊ द्या. एकदम सगळं तापवण्यापेक्षा २० सेकंद ऊब, दोन सेंटिमीटर सोलणं, पुन्हा ऊब, असं करा.

इतकी काळजी का, तर बहुतेक लॅपटॉपमध्ये बरोबर याच जागेखाली बॅटरी असते. लिथियम-आयनच्या सेलच्या आणि तुमच्या मध्ये एक-दोन मिलिमीटरचं प्लॅस्टिक किंवा धातूचा पत्रा, एवढंच अंतर. टचपॅडही आत गोंदाने बसवलेला असू शकतो. म्हणून रंग काढायची हीट गन, इस्त्री, मेणबत्ती, लायटर यांतलं काहीही इथे आणायचं नाही.

पाचवी: राहिलेला गोंद, गोंदानेच काढा

ही माझी सगळ्यात आवडती पायरी, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. गोंद दिसला की लोक बाटली शोधायला धावतात. पण गोंद गुळगुळीत पृष्ठभागापेक्षा दुसऱ्या गोंदाला जास्त घट्ट धरतो. नुकताच काढलेला स्टिकर टाकून देऊ नका. तोच उलटा धरून राहिलेल्या गोंदावर दाबा आणि उचला. दाबा आणि उचला. तो भरला की पॅकिंगची रुंद चिकटपट्टी घ्या, तिचा गोंद बाहेर ठेवून बोटाला वेटोळं करा आणि तसंच करत राहा. घासायचं नाही, फक्त टिपायचं.

नंतर कोरड्या, स्वच्छ अंगठ्याने. अंगठ्याचं पेर गोंदावर ठेवून एकाच दिशेने, थोडा दाब देत सरकवा. सुरुवातीला काहीच होत नाही, अंगठा अडखळतो. दहा-बारा फेऱ्यांनंतर गोंदाची कड गुंडाळायला लागते, शेवयांसारख्या बारीक राखाडी वळ्या तयार होतात आणि त्या पुढच्या गोंदाला आपल्याबरोबर ओढतात. त्या वळ्या उचलून फेका, नाहीतर कीबोर्डच्या फटीत जातील. कडेपासून मध्याकडे या. मधून सुरुवात केली की गोंद नुसता पसरतो. अंगठा दुखायला लागला तर पांढरा मऊ खोडरबर चालतो, पण मॅट प्लॅस्टिकवर हलक्या हाताने, कारण खोडरबरही थोडं घासतंच.

टणक प्लॅस्टिकवर आणि धातूवर दहा मिनिटं दिली तर यानेच काम होतं. बाटलीचा धोका घ्यायची वेळ येत नाही.

सहावी: पांढरा कागद राहिला असेल तर

छापील पापुद्रा निघून खाली कागद राहिलाय, तर त्याला ओलावा द्या. मऊ कापडाची छोटी घडी कोमट पाण्यात, भांडी धुवायच्या साबणाचा एक थेंब घालून, बुडवा आणि कडक पिळा. पिळल्यावर थेंब गळत नसला पाहिजे. ती घडी फक्त कागदावर, तीन-चार मिनिटं ठेवा. कागद पाणी पितो, फुगतो आणि अंगठ्याने लोळवला की निघतो. उरलेल्या गोंदासाठी पाचवी पायरी. लॅपटॉप बंद, चार्जर बाहेर, आणि कापड कीबोर्डच्या किंवा टचपॅडच्या कडेला लागू द्यायचं नाही. स्टिकरवर प्लॅस्टिकचा थर शाबूत असेल तर पाणी आत जाणारच नाही, तेव्हा हा उपाय करण्यात वेळ घालवू नका.

सातवी: तेल

जुना, पिवळट, रबरासारखा गोंद अंगठ्याने हलत नाही. त्याला खाद्यतेल चालतं, कुठलंही साधं. कान साफ करायच्या काडीवर एक थेंब घ्या आणि फक्त गोंदावर लावा. दहा मिनिटं थांबा. तेल हळूहळू गोंदात मुरतं आणि त्याची पकड ढिली करतं. मग प्लॅस्टिकच्या कार्डाने, आडवं धरून, सरकवत काढा. शेवटी साबणाच्या पिळलेल्या कापडाने दोनदा पुसा, नाहीतर तेलकट थर राहून धूळ पुन्हा बसते. रबरी लेपावर हे करू नका. टचपॅडच्या आणि कळांच्या फटींजवळ तर अजिबात नको, आत गेलेलं तेल पुसता येत नाही.

गंज सुटायला वापरतात ते डब्ल्यूडी-४० बऱ्याच घरांत असतं, म्हणून तेही मारलं जातं. त्याने गोंद सुटतो खरा, पण फवारा हवा तिथेच बसत नाही, आणि पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकवर ते वापरू नका असं ती कंपनी स्वतःच सांगते. लॅपटॉपच्या बाहेरच्या आवरणात पॉलिकार्बोनेट सर्रास असतं. तेलाने जे होतं त्यासाठी हे कशाला?

आठवी: आयसोप्रोपिल अल्कोहोल

हा घरी करायचा शेवटचा उपाय. अॅल्युमिनियमवर आणि साध्या टणक प्लॅस्टिकवर ते छान काम करतं, लवकर उडून जातं आणि मागे काही ठेवत नाही. ७० टक्क्यांचं पुरतं. ९० टक्क्यांहून वरचं असेल तर लवकर वाळतं, एवढाच फायदा.

आधी चाचणी. लॅपटॉपच्या खालच्या बाजूला, त्याच रंगाच्या आणि पोताच्या कोपऱ्यात, अल्कोहोलने ओलसर केलेलं पांढरं कापड अर्धा मिनिट हलकं घासा. पांढरंच कापड घ्या, कारण बघायचं आहे ते कापडावर. रंग उतरला, पृष्ठभाग चिकट लागला किंवा चकाकी बदलली, तर तुमच्या लॅपटॉपसाठी ही पायरी नाही. काही झालं नाही तर दोन मिनिटं वाळू द्या आणि पुन्हा बघा. कधीकधी परिणाम वाळल्यावर दिसतो. खालचं आवरण आणि वरचं आवरण वेगळ्या पदार्थाचं असेल, तर चाचणी वरच्याच बाजूला, स्टिकरने झाकलेल्या चौकोनाच्या आत अगदी कडेला करा.

द्रव नेहमी कापडावर घ्यायचा, लॅपटॉपवर कधीच ओतायचा किंवा फवारायचा नाही. ओलसर कापड गोंदावर १५-२० सेकंद ठेवा, मग एका दिशेने पुसा, कापडाची घडी बदला, पुन्हा. तीन-चार वेळांत गोंद जातो. हेअर ड्रायर वापरला असेल तर आधी सगळं गार होऊ द्या आणि ड्रायरचा प्लग काढून ठेवा, कारण अल्कोहोलची वाफ पेट घेते. खिडकी उघडी असू द्या. कळांवरच्या छापील अक्षरांना ते लागू देऊ नका. आणि हाताचं सॅनिटायझर हा त्याला पर्याय नाही. त्यात ग्लिसरीन आणि सुगंध असतो, त्याचाच चिकट थर मागे राहतो.

अॅसिटोन, म्हणजे बहुतेक नेलपॉलिश रिमूव्हरमधला मुख्य घटक, याच्या वाऱ्यालाही लॅपटॉप ठेवू नका. तो एबीएस आणि पॉलिकार्बोनेट ही दोन्ही प्लॅस्टिकं विरघळवतो किंवा त्यांना बारीक तडे पाडतो. पांढुरका झालेला चौकोन घेऊन जे येतात, त्यांच्यातल्या बहुतेकांनी हेच लावलेलं असतं, आणि त्याला इलाज नाही. थिनर आणि पेट्रोलचंही तेच. टूथपेस्ट, खाण्याचा सोडा आणि पांढरा जादूई स्पंज हे तिन्ही घासून काम करतात. मॅट प्लॅस्टिकची मॅट चमक म्हणजे त्यावरचे सूक्ष्म उंचवटे, आणि घासलं की नेमके तेच जातात.

नववी: चौकोन दिसतोय, पण गोंद नाही

बोट फिरवा. कुठेच अडत नाही, चिकटत नाही, तरी चौकोन दिसतो. इथे लोक गोंद समजून तासन्‌तास घासतात. नीट बघाल तर चौकोनाच्या आतला भाग नव्यासारखा आहे. बदललाय तो बाहेरचा. रोजच्या मनगटाने, घामाने आणि त्वचेच्या तेलाने भोवतालचा पोत गुळगुळीत होत गेला आणि स्टिकरखालची जागा तेवढी सुरक्षित राहिली.

म्हणून चौकोन पुसायचा नाही, उरलेली जागा पुसायची. साबणाच्या पिळलेल्या कापडाने हाताची अख्खी जागा, डावी-उजवी दोन्ही, दोन-तीनदा पुसा आणि कोरडी करा. चकाकीतला काही भाग नुसता तेलाचा थर असतो, तो जातो आणि फरक निम्म्यावर येतो. जो राहतो तो झिजेचा आहे, तो निघणार नाही. वापरता वापरता वर्षभरात आतली जागाही झिजून बरीचशी मिळून येते. तोपर्यंत डोळ्यांना खुपत असेल तर हाताच्या जागेच्या मापाची पातळ व्हिनाइलची स्किन लावता येते, पण तीही स्टिकरच आहे आणि कधीतरी काढावी लागेल, हे लक्षात घेऊन लावा.

मुळात ही वेळ येऊ नये म्हणून

नवा लॅपटॉप आला की पहिल्या दिवशी स्टिकर काढायची घाई नको. आधी स्क्रीनवर मेलेले पिक्सेल, म्हणजे न उजळणारे ठिपके, आहेत का, सगळ्या कळा चालतात का, चार्जिंग, कॅमेरा, स्पीकर ठीक आहेत का, हे बघून घ्या. परत करायची वेळ आली तर लॅपटॉप मिळाला तसाच मागतात. परत करण्याची मुदत संपली आणि ठेवायचा हे नक्की झालं, की त्याच आठवड्यात काढा. मी लांबच्या पट्टीचा आधी फोटो काढून ठेवतो, रॅमचा किंवा ग्राफिक्सचा नेमका प्रकार नंतर कामाला येतो. निघालेले स्टिकर गुळगुळीत प्लॅस्टिकच्या कागदावर चिकटवून खोक्यात ठेवले, तर विकताना घेणाऱ्याला दाखवता येतात.

कोपरा उचकटलेला असला तरी चालतंय, राहू दे, असं म्हणू नका. मिटलेल्या लॅपटॉपमध्ये स्क्रीन आणि हाताची जागा यांच्यामधली फट फार कमी असते. अॅपलने २०२० मध्ये कॅमेऱ्यावरच्या झाकण्यांबद्दल इशारा दिला तो यासाठीच: लावायचंच असेल तर छपाईच्या कागदाइतकं, ०.१ मिलिमीटरइतकं पातळ हवं, नाहीतर मिटताना स्क्रीनला इजा होऊ शकते. गुंडाळून वर आलेला कोपरा त्याच्या कितीतरी पट जाड होतो आणि नेमका स्क्रीनवर दाबला जातो.

खरेदी करतानाच टाळायचं असेल तर प्रत्यक्ष नग बघून घ्या. ऑफिसच्या वापरासाठी काढलेल्या मालिकांवर साधारण कमी स्टिकर असतात, घरगुती आणि गेमिंगच्या मालिकांवर जास्त.

इथे थांबा आणि जाणकाराकडे द्या

हाताची जागा फुगली असेल, टचपॅड वर आला असेल, तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, वरून दाबून सपाट करायचा प्रयत्न करू नका, टोचू नका, तापवू नका. मऊ गादीवर किंवा कागदांच्या गठ्ठ्यावरही ठेवू नका. सेवा केंद्रात फोन करून बॅटरी फुगल्याची शंका आहे असं स्पष्ट सांगा.

स्टिकरबरोबर रंग किंवा लेप वर यायला लागला, तर उरलेला स्टिकर तसाच सोडा. तो अर्धवट स्टिकर आता खालच्या लेपाला धरून आहे.

द्रव कळांच्या किंवा टचपॅडच्या फटीत गेला, तर लगेच बंद करा, चार्जर काढा, आणि वाळेल म्हणून वाट बघत मधेच सुरू करून बघू नका.

स्क्रीनवरच्या कुठल्याही थराबद्दल शंका असेल तरी थांबा. कारखान्यातून आलेल्या फिल्मला बहुतेक वेळा ओढायची एक जीभ असते आणि ती हलक्या हाताने निघते. जीभ नाही, कड स्क्रीनच्या चौकटीच्या खाली जातेय आणि ओढताना जोर लागतोय, तर तो स्क्रीनचाच थर असू शकतो. तो उपटला की स्क्रीन बदलावा लागतो. स्क्रीनवरच्या गोंदावर तेल किंवा अल्कोहोलही, कंपनीच्या सूचनेत परवानगी दिसल्याशिवाय, नको.

पृष्ठभाग विरघळला किंवा खोल ओरखडा गेला असेल, तर वरचं आवरण बदलणं हाच मार्ग. अनेक लॅपटॉपमध्ये ते कीबोर्डसकट एकच भाग म्हणून येतं, म्हणून आधी खर्च विचारा आणि नुसत्या दिसण्यासाठी तो करायचा का ते ठरवा. जाल तेव्हा तंत्रज्ञाला काय काय लावलं होतं ते सगळं सांगा: कुठला द्रव, साधारण किती आणि किती दिवसांपूर्वी. आत गेलेलं तेल आणि आत गेलेलं पाणी वेगवेगळ्या पद्धतीने साफ करावं लागतं.